हनवटी टेकडीची सहल

उंबरसांगवीच्या पूर्वेला असलेल्या हनवटी टेकडीने जानेवारीच्या पहिल्या मंगळवारी तहसील कार्यालयात अर्ज केला, की तिला एक दिवस सहलीला जायचं आहे.

अर्ज टपालाने आला. तिकीट बरोबर लावलेलं होतं, मजकूर टंकलिखित होता, डावीकडे समासही सोडला होता. फक्त सहीच्या जागी अंगठा होता आणि तो मावावा म्हणून कागद सतरंजीएवढा घेतला होता. आवक-जावक टेबलावरच्या प्रल्हाद भालशंकर यांनी घड्या उलगडल्या, तशी ठशातली मुरमाड माती त्यांच्या मांडीवर सांडली. त्यांनी ती गोळा करून परत ठशात भरली. आलेल्या कागदातलं काहीही कमी होऊ द्यायचं नाही, ही त्यांची बावीस वर्षांची सवय होती.

मग त्यांनी अर्ज वाचला.

"गेली साठ-सत्तर वर्षे थंडीच्या दिवसांत गावातली कुटुंबे मुलाबाळांना घेऊन माझ्याकडे येतात," असं टेकडीने लिहिलं होतं. "उन्हाला बसतात, पतंग उडवतात, बोरे खातात, लगोरी मांडतात, चिवड्याचे कागद टाकतात व संध्याकाळी निघून जातात. मी स्वतः आजपर्यंत कोठेही गेलेली नाही. तरी लहान मुले असलेल्या कुटुंबासोबत मला एका रविवारी सहलीस पाठवावे. जेवण व खेळ पूर्ण व्हावेत, ही विनंती. कुटुंब : श्री. प्र. गो. भालशंकर यांचे. कारण, ते आजवर एकदाही माझ्याकडे आलेले नाहीत."

स्वतःचं नाव भालशंकरांनी पुन्हा एकदा वाचून पाहिलं. तरी त्यांनी शिक्का मारला, क्रमांक टाकला आणि कागद काखोटीला मारून ते नायब तहसीलदार कोठावदे मॅडमच्या केबिनमध्ये गेले.

मॅडमनी अर्ज जमिनीवर पसरायला लावला आणि त्याच्याभोवती फिरून तो वाचला.

"भालशंकर, तुम्ही हनवटीवर कधीच गेला नाहीत?"

"नाही मॅडम."

"एकदाही नाही? मुलांना घेऊन?"

"वारं फार असतं म्हणतात तिथं," भालशंकर म्हणाले. "मला थंडी सोसत नाही."

मॅडमनी खिडकीबाहेर पाहिलं. टेकडी नेहमीच्या जागी, उत्तराची वाट पाहत उभी होती. टेकडीने जागा सोडू नये असा नियम नव्हता आणि सोडावी असाही नव्हता. पण जुन्या फायलीत आधार सापडला. चाळीसेक वर्षांपूर्वी वेशीजवळच्या बारवेला नागपंचमीसाठी तीन दिवस माहेरी जायची परवानगी दिली होती. बारव वेळेत परत आली होती, येताना थोडं पाणीही घेऊन आली होती.

"अडचण एकच आहे," मॅडम म्हणाल्या. "सूर्य."

अडचण खरी होती. उंबरसांगवीत सूर्य हनवटीच्या मागून येतो, त्यामुळे तो गावाला वीस मिनिटं उशिरा दिसतो. शाळेची घंटा, नळाचं पाणी, दूधवाल्यांच्या फेऱ्या, सगळं त्या वीस मिनिटांवर बसलेलं. सोमवारी सकाळी जागा रिकामी राहिली असती, तर सूर्य लवकर आला असता आणि त्याला कुणाला आवरता आलं नसतं.

"म्हणून सूर्य वर आल्यावर निघायचं आणि मावळायच्या आत टेकडी जागेवर," मॅडमनी आदेशाखाली लिहिलं. "अर्जातील इतर बाबी मान्य. तुम्ही हमीपत्र द्या."

भालशंकरांनी हमीपत्र लिहून दिलं. टेकडी जशी नेली तशी, दगडधोंड्यांसह व झुडपांसह परत आणून देईन. सही करताना त्यांनी कानटोपी खाली ओढली. मॅडमना वाटलं, थंडीने.

घरी ही बातमी त्यांनी जेवताना सांगितली. त्यांची दहा वर्षांची मुलगी मैत्री ताटावरून उठून अंगणात पळाली आणि टेकडीच्या दिशेने दोन्ही हात हलवून आली. सहा वर्षांच्या सुमेधने विचारलं, "ती आपल्या घरात झोपणार?"

"एकाच दिवसाचं आहे," भालशंकर म्हणाले.

त्यांची बायको वैजयंता अंगणवाडी चालवायची. चाळीस पोरांना एकदम जेवायला वाढणारी बाई, ती डगमगली नाही. "अंकुशच्या शेतात नेऊ," ती म्हणाली. अंकुश तिचा धाकटा भाऊ. त्याचं शेत गावापासून चार किलोमीटरवर, नदीकाठी, परातीसारखं सपाट. "हुरडा आलाय त्याच्याकडं. टेकडीला बसायला पडीक रानही आहे. नाहीतर बिचारीला कुणाच्या पिकावर बसवायचं?"

"आपण जाऊन येऊ तिच्यासोबत," भालशंकर म्हणाले. "मी आपला एका जागी बसेन."

"बसा की," वैजयंता म्हणाली. "बावीस वर्षं तेच करताय."

रविवारी सूर्य हनवटीवरून हातभर वर आला, तशी ती उठली. उठायला तिला वेळ लागला. इतकी वर्षं बसून होती. पण एकदा उठल्यावर ती अगदी हलक्या पावलांनी आली. विजेच्या तारा आल्या की वाकायची, घरं आली की कडेने जायची. बसस्थानकासमोर भालशंकर कुटुंब वाट पाहत होतं, तिथे येऊन ती थांबली आणि खाली बसली. फळवाल्याने आपला गाडा दोन हात सरकवून तिला जागा दिली.

"नमस्कार," टेकडी म्हणाली. तिचा आवाज करवंदीच्या जाळीमागून, खोलातून यायचा. "भालशंकर तुम्हीच ना? मी तुम्हाला रोज ऑफिसात जाताना बघते. तुम्ही वर बघत नाही."

"खड्डे असतात," भालशंकर म्हणाले.

वैजयंता आणि मुलं टेकडीवरच बसली, उतारावर, पायथ्यापासून चार हातांवर. भालशंकर मात्र सायकलवरून पुढे निघाले. सायकलच्या दांडीला त्यांनी लाल फडकं बांधलं होतं. मागे अवजड वस्तू येत असली की असं करायचं असतं. समोरून येणारे ट्रॅक्टर थांबत, ड्रायव्हर आधी फडकं बघत, मग टेकडी बघत आणि कडेला घेत.

कानटोपी, मफलर, दोन स्वेटर घालूनही भालशंकर कुडकुडत होते. टेकडी पूर्वेच्या अंगाने चालत होती आणि तिची सावली नेमकी त्यांच्यावर पडत होती.

"ऊन अडवतेय का मी तुमचं?" मागून आवाज आला.

"चालेल, चालेल."

"चालेल काय? सांगायचं ना!" असं म्हणून टेकडी रस्ता ओलांडून पश्चिमेला गेली. त्यासाठी तिला टेलिफोनचे चार खांब टाळावे लागले. भालशंकरांच्या पाठीवर ऊन पडलं. घरातल्या माणसांशिवाय कुणी आपल्यासाठी इतकी तोशीस सोसल्याचं त्यांना आठवेना.

अंकुशने पडीक रान झाडून ठेवलं होतं. शेणाच्या गोवऱ्यांची आगटी पेटलेली, ज्वारीची कोवळी कणसं तिच्यात खरपूस भाजत होती. अंकुशची बायको मंगल पोत्यावर बसून ती हातांनी चोळायची आणि गरम, हिरवे दाणे ताटात पाडायची. सोबत लसणाची चटणी, गूळ, दही. सगळ्यांनी पोटभर हुरडा खाल्ला. टेकडीला पाटीभर दिला. तो तिने कुठून खाल्ला ते कुणाला दिसलं नाही, पण पाटी रिकामी झाली आणि "चटणी झकास आहे" असं ती म्हणाली. मंगलने आणखी पाटीभर दिला.

मग पतंग झाला. टेकडीने आयुष्यभर पाठीवरून लोकांना पतंग उडवू दिले होते, स्वतःच्या हाती दोरा कधी आला नव्हता. मैत्रीने मांजा तिच्या माथ्यावरच्या बाभळीला बांधून दिला. पतंग इतका वर गेला, की नदीपलीकडच्या गावातल्या लोकांनी ओरडून "कुणाचा आहे?" असं विचारलं. लगोरीला दगड तिनेच दिले, स्वतःचे. खेळ संपल्यावर भालशंकरांनी ते मोजून जागच्या जागी ठेवले.

"आता लपंडाव!" सुमेध ओरडला.

"मी इथं बसतो," भालशंकर म्हणाले.

"तसं नाही चालणार," टेकडी म्हणाली. "खेळ पूर्ण व्हावेत असं मी अर्जात लिहिलंय. तुम्हीच शिक्का मारलाय."

भालशंकर उठले. राज्य कुणावर हे ठरवायला सगळे गोल उभे राहिले आणि तळहात उलटसुलट टाकून चकले. टेकडीने तळहात म्हणून उताराची बाजू धरली. शेवटी राज्य भालशंकरांवर आलं. अंकुश तेवढ्यात गव्हाला पाणी सोडायला गेला, कारण त्या आठवड्यात दिवसाची वीज दुपारीच यायची. मंगल भांडी घेऊन आखाड्यावरच्या, म्हणजे शेतातल्याच घरात गेली.

भालशंकरांनी लिंबाच्या झाडाकडे तोंड केलं, डोळे मिटले आणि शंभर मोजले. एकही आकडा गाळला नाही. मागे खुसखुस ऐकू आली, मग जमीन थोडी हलली, मग सगळं शांत झालं.

त्यांनी डोळे उघडून मागे पाहिलं. टेकडी नव्हती.

प्रथम त्यांना गंमत वाटली. त्यांनी बैलगाडीमागून मैत्रीला शोधलं, पाटीखालून सुमेधला, विहिरीच्या कठड्याआडून वैजयंताला. प्रत्येकाला "इस्टॉप" म्हटलं. मग ते टेकडी शोधू लागले. तुरीत पाहिलं, ऊस नव्हताच, नदीच्या पात्रात वाकून पाहिलं. गोठ्यात पाहिलं, तेव्हा म्हशीने त्यांच्याकडे मान वळवली.

"मैत्री, तुला दिसली का कुठं जाताना?"

"सापडलेल्यानं सांगायचं नसतं, पप्पा," मैत्री म्हणाली. तिने ओठ घट्ट मिटले होते आणि तिचे खांदे हलत होते.

"वैजू, तू तरी?"

"नियम म्हणजे नियम," वैजयंता म्हणाली आणि पदराने तोंड पुसू लागली.

तीन वाजले. साडेतीन झाले. भालशंकरांच्या डोळ्यांसमोर हमीपत्र येऊ लागलं, दगडधोंड्यांसह व झुडपांसह. उद्या सूर्य वीस मिनिटं आधी येणार. मुलं शाळेत वीस मिनिटं आधी पोचणार आणि शाळेला कुलूप असणार. दूध येण्याआधी चहाची वेळ होणार. आणि सगळे विचारणार, टेकडी कुणी नेली होती?

"उंचावरून बघायला पाहिजे," ते म्हणाले.

नदीकडच्या अंगाला एक चढ होता, करवंदीच्या जाळ्या असलेला. भालशंकर चढू लागले. पाठोपाठ वैजयंता आणि मुलंही आली. चढ वाटला त्यापेक्षा मोठा निघाला. अर्ध्यावर सुमेध दमला, तेव्हा भालशंकरांनी त्याला खांद्यावर घेतलं. आपला मुलगा एवढा जड झालाय हे त्यांना माहीत नव्हतं. एका निसरड्या जागी मैत्रीने त्यांचा हात धरला आणि ती जागा संपल्यावरही सोडला नाही. त्यांना इतकं उकडू लागलं, की त्यांनी आधी मफलर काढून वैजयंताकडे दिला, मग एक स्वेटर, मग दुसरा.

माथ्यावर एक बाभूळ होती. तिच्याखाली उभं राहून त्यांनी चहूकडे पाहिलं. नदी दिसली, तिच्या कडेची पिवळी करडई दिसली, पलीकडचं गाव दिसलं. लांब उंबरसांगवी दिसली, ताटाएवढी. कचेरीचं लाल पत्र्याचं छप्पर दिसलं आणि गावाच्या पूर्वेला टेकडीची रिकामी जागा दिसली, दात पडल्यासारखी. हनवटी मात्र कुठेही दिसली नाही.

"नाहीच," भालशंकर म्हणाले आणि मटकन खाली बसले.

वैजयंताने डबा उघडला. डब्यात तिळाच्या वड्या होत्या. चौघांनी एकेक घेतली. ऊन अंगावर होतं, वारं होतं पण बोचत नव्हतं. सुमेध त्यांच्या मांडीवर डोकं टेकून आडवा झाला. खाली कचेरीचं छप्पर नखाएवढं चमकत होतं. बावीस वर्षं आपण त्या नखाखाली बसलो, असं भालशंकरांच्या मनात आलं आणि त्यांना वाईट वाटण्याऐवजी हसू आलं. थोडा वेळ तर आपण इथे कशासाठी आलो तेच ते विसरले.

"बरं वाटतंय इथं," ते म्हणाले. "कधीतरी यायला पाहिजे मुलांना घेऊन."

त्यांच्या बुडाखालची जमीन किंचित थरथरली. दोन-तीन खडे गडगडत खाली गेले. मैत्रीला राहवेना, तिने तोंड दोन्ही हातांनी दाबून धरलं.

तेवढ्यात खालून अंकुशची हाक आली. तो पाणी सोडून परत आला होता आणि कमरेवर हात ठेवून वर बघत होता.

"ओ दाजी! काय करायलात तिकडं वर?"

"टेकडी हरवलीय!" भालशंकर ओरडले. "टेकडी शोधतोय!"

अंकुशने डोळ्यांवर हात धरून नीट पाहिलं.

"कशावर उभं राहून?" त्याने विचारलं.

भालशंकरांनी खाली पाहिलं. करवंदीची जाळी पाहिली. बाभळीला बांधलेला मांजा पाहिला. अंकुशचं शेत परातीसारखं सपाट आहे, हे त्यांना तेव्हा आठवलं. ते गुडघ्यांवर वाकले, तळहात जमिनीवर ठेवला आणि हळूच म्हणाले, "टेकडी, इस्टॉप."

"फार वेळ लावलात," टेकडी म्हणाली आणि मग इतकी हसली, की सगळ्यांना बाभळीला धरून उभं राहावं लागलं.

पाच वाजून गेले होते. भालशंकर उतरून सायकल घ्यायला निघाले.

"कुठं निघालात?" टेकडी म्हणाली. "राज्य माझ्यावर आलंय."

लपंडाव मुलांनी स्वतःच्या नियमांनी मांडला होता, आणि त्यात शेवटी सापडेल त्याच्यावर राज्य यायचं. भालशंकरांनी खिशातून आदेशाची प्रत काढली. सूर्यास्तापूर्वी जागेवर, असं एका ओळीत होतं. अर्जातील इतर बाबी मान्य, असं दुसऱ्या ओळीत होतं, आणि इतर बाबींमध्ये खेळ पूर्ण होणं होतं. त्यांनी प्रत दोनदा वाचली. बावीस वर्षांत त्यांनी आदेश अनेक पाहिले होते, पण कोणती ओळ पाळायची हे कधी त्यांना ठरवावं लागलं नव्हतं.

"सूर्याचं काय?" त्यांनी विचारलं.

"त्यालाही एकदा बघू दे गाव, लवकर," टेकडी म्हणाली.

"पप्पा," मैत्री म्हणाली, "तुम्ही पण लपणार ना आमच्यासोबत?"

हे त्यांना आजवर कुणी विचारलं नव्हतं. भालशंकरांनी आदेशाची नीट घडी केली आणि ती खिशात ठेवली.

"मोजा," ते टेकडीला म्हणाले. "पण एकही आकडा गाळायचा नाही."

टेकडी लिंबाच्या झाडाकडे तोंड करून बसली. "एक," ती म्हणाली.

भालशंकर कुटुंब गेल्या सालच्या कडब्याच्या गंजीमागे लपलं. जागा उत्तम होती. बऱ्याच वेळाने टेकडी "दोन" म्हणाली. टेकड्या घाईने मोजत नाहीत, हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. सूर्य मावळला तेव्हा ती पाचावर होती. मंगलने गोधड्या आणि पिठलं-भाकरी गंजीमागे आणून दिली, तेही आवाज न करता. मुलं कडब्यात घुसून झोपली. टेकडी मोजत राहिली.

सोमवारी उंबरसांगवीत सूर्य वीस मिनिटं आधी आला. लोक अंगणात येऊन डोळे चोळत उभे राहिले. आपल्या घरांवर सकाळचं पहिलं, कोवळं ऊन त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. त्यांच्याकडे यायचं ते नेहमी थोडं मुरलेलं. दूध आलं नव्हतं म्हणून कुणी चहा केला नाही. शाळा उघडली नव्हती म्हणून मुलांनी रस्त्यातच क्रिकेट मांडलं, आणि दूध येईपर्यंत काय करायचं म्हणून त्यांचे आईबाप फिल्डिंगला उभे राहिले.

साडेआठला कोठावदे मॅडम सरकारी जीप घेऊन शेतावर आल्या. त्यांच्या हातात हमीपत्र होतं. पडीक रानात त्यांना टेकडी दिसली, पाठमोरी, झाडाकडे तोंड केलेली. अंकुशने गंजीकडे बोट केलं.

मॅडम गंजीला वळसा घालून मागे गेल्या. चौघं ओळीने उकिडवे बसले होते. भालशंकरांच्या डोक्यावर कानटोपी नव्हती, केसांत कडबा अडकला होता.

"भालशंकर!" मॅडम म्हणाल्या. "हे काय चाललंय?"

भालशंकरांनी ओठांवर बोट ठेवलं. साहेबांसमोर त्यांनी असं आयुष्यात पहिल्यांदाच केलं.

"मॅडम, हळू बोला," ते कुजबुजले. "नव्व्याण्णव झालंय."

मॅडमनी हमीपत्राकडे पाहिलं. गंजीच्या कडेने डोकावून टेकडीकडे पाहिलं. टेकडी लांब श्वास घेत होती. माथ्यावरची बाभूळ सावकाश वर उचलली जात होती. आता आणखी कुठे जाऊन लपायला वेळ नव्हता.

मॅडमनी साडीचा घोळ गोळा केला आणि त्या पटकन खाली बसल्या.

"सरका जरा," त्या म्हणाल्या.